हॉट टबचा टायमर बिघडला? आधी घड्याळ पाहा, मग पाकीट

टब ठरल्या वेळी सुरू होत नाही. सुरू झाला तर बंद होत नाही. किंवा रात्री दोनला पंप आपणहून घुरघुरायला लागतो. यातलं काहीही झालं की चांदे-नांदे, घोटवडे, लवळे या मुळशीच्या पट्ट्यातल्या बंगलेवाल्यांना फोनवर एकच निदान ऐकायला मिळतं, 'बोर्ड गेला असणार.' आयात टबचा बोर्ड म्हणजे साधारण पंचवीस हजारांपासून साठ हजारांपर्यंतची बाब. तुमचा दोष मात्र पन्नास रुपयांच्या सेलमध्ये किंवा चुकून सरकलेल्या एका खटक्यातही असू शकतो. कोणाला बोलावण्याआधी अर्धा तास द्या.

त्या अर्ध्या तासाचा एकच नियम आहे. बघायचं सगळं, उघडायचं काही नाही. टबात कोणी असताना किंवा हात-पाय ओले असताना डीबीला (विजेच्या वितरण पेटीला) हात लावू नका. टायमरचं झाकण, तारा, स्क्रू हे वायरमनचं काम. खटके, आकडे आणि आवाज तपासायला पक्कड लागत नाही.

तुमच्याकडे कोणता टायमर आहे?

हे कळल्याशिवाय फोनवर कोणीही दिलेला सल्ला फुकट. फिरवायची किल्लीवाली चकती असेल, जी टिकटिक करत शून्यावर येते, तर तो स्प्रिंगचा टायमर. टबच्या कडेला दाबायचं गुबगुबीत बटण असेल आणि त्यातून तारेऐवजी बारीक प्लॅस्टिकची नळी खाली जात असेल, तर ते हवेचं बटण. डीबीत चोवीस तासांची गोल चकती आणि भोवती बारीक पिना असतील, तर तो टाइम स्विच. त्यातली प्रत्येक पिन पंधरा मिनिटांची किंवा अर्ध्या तासाची असते. त्याच जागी छोटा पडदा आणि चार बटणं असतील तर डिजिटल टाइम स्विच. टबवरच पॅनल असेल आणि त्यावर तापमान दिसत असेल, तर टायमर वेगळा नाहीच. तो बोर्डाच्या आत आहे. मोबाइलवरून चालतो तो वायफाय स्विच.

फोटो काढून ठेवा. टायमरचा, त्यावरच्या अक्षरांचा, टबच्या नेमप्लेटचा. नेमप्लेटवर व्होल्ट आणि हर्ट्‌झ काय लिहिलंय ते नीट दिसलं पाहिजे. पुढे हाच आकडा कामाला येणार आहे.

किती चुकतोय ते मोजा

'टायमर चुकतो' एवढं पुरेसं नाही. किती चुकतो ते सांगता आलं तर दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो. टायमर मोबाइलच्या घड्याळाशी जुळवा आणि चोवीस तासांनी पुन्हा पाहा.

बरोबर बारा तासांचा फरक म्हणजे सकाळ-संध्याकाळची गल्लत. लावताना एएम-पीएम उलटं पडलंय. खर्च शून्य.

बरोबर एका तासाचा फरक, आणि तोही मार्चमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उगवलेला? परदेशी डिजिटल टायमर उन्हाळ्यात घड्याळ आपोआप एक तास पुढे नेतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर मागे आणतात. आपल्याकडे ती पद्धत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद करा. खर्च शून्य.

जेवढा वेळ लाईट गेली, तेवढाच टायमर मागे? मग तुमचा टाइम स्विच थेट विजेवर चालणारा आहे. वीज गेली की त्याची मोटर थांबते आणि आली की जिथे थांबली तिथून पुढे चालते. वळवाच्या पावसात चार वेळा लाईट गेली तर आठवड्यात तो दोन-तीन तास सहज मागे पडतो. हा दोष नव्हे, हा त्याचा स्वभाव. वीज नसतानाही चालणारा, आत बॅटरीचा साठा असलेला टाइम स्विच मिळतो. घेताना 'पॉवर रिझर्व्ह आहे का' एवढंच विचारा. आधी हा फरक पडत नसेल आणि हल्लीच पडू लागला असेल, तर आतली बॅटरी संपली आहे. काही मॉडेलमध्ये ती बदलता येते, काहींमध्ये सीलबंद असते.

आणि दिवसाला चार तास मागे? हा सगळ्यात मजेशीर आणि सगळ्यात महाग पडणारा प्रकार. मोटर चालण्याचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो, अशा टायमरमध्ये तो होतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची, अमेरिकेची ६०. तिकडचा टायमर इकडे लावला की तो सहातला पाचच भाग वेगाने धावतो. तासाला दहा मिनिटं, दिवसाला चार तास मागे. असा टायमर कितीही वेळा 'दुरुस्त' केला तरी मागेच पडणार. तो बदलायचाच. नेमप्लेटवर फक्त ६० हर्ट्‌झ लिहिलेलं असेल तर पंपही त्याच प्रमाणात हळू फिरतोय, तेव्हा टब विकणाऱ्याला जाब विचारण्याजोगं तुमच्या हातात काहीतरी आहे.

थोडा पुढे, थोडा मागे, काही हिशेबच लागत नाही? जनरेटर किंवा स्वस्तातला इन्व्हर्टर आहे का पाहा. त्यांची फ्रिक्वेन्सी हलत असते.

पॅनलवाल्या टबचं तंत्र वेगळं. लाईट गेली की कित्येक पॅनलमधलं घड्याळ पुसलं जातं. काही पॅनलना तर घड्याळच नसतं आणि वीज आल्याच्या क्षणापासून ती फिल्टरची फेरी मोजू लागतात. रात्री दोनला पंप सुरू होतो तो बहुधा यामुळे. दुपारी दोनला लाईट जाऊन आली असेल, बारा तासांची फेरी लागली असेल, की रात्री दोनला पुढची पाळी. भूत नाही, बोर्डही गेलेला नाही. फेरी सुरू व्हायला हवी त्या वेळी टबचा मेन स्विच एकदा बंद करून चालू करा.

सुरूच होत नाही, बंदच होत नाही

टाइम स्विचवर एक छोटा खटका असतो: 'ऑटो' आणि 'ऑन', काहींवर 'ऑफ'सुद्धा. साफसफाई करणाऱ्याचा हात लागून तो सरकतो. 'ऑन'वर राहिला तर टब चोवीस तास चालतो, 'ऑफ'वर राहिला तर कधीच नाही. सगळ्यांत आधी हा पाहा. आठवड्याचा डिजिटल टायमर असेल तर आजचा वार बरोबर आहे का तेही पाहा. शनिवार-रविवारची वेळ लावून ठेवायची आणि टायमरला आज बुधवार वाटतोय, असं होतं.

खटका ऑटोवर आहे, चकती 'बंद'च्या भागात आहे, तरी पंप चालूच? मग आतले संपर्क चिकटले. यामागे बहुतेक वेळा बसवणाऱ्याचा आळस असतो. बाजारातल्या टाइम स्विचवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा हीटरसारख्या साध्या भारासाठी. मोटरसाठी त्याच स्विचची क्षमता कितीतरी कमी असते. ३ किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो. त्यावर पंप, आणि पंप सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहापट विद्युतप्रवाह खेचतो. एवढं सगळं टायमरमधून थेट नेलं की संपर्क जळणार किंवा चिकटणार. योग्य जोडणीत टायमर फक्त कॉन्टॅक्टरला इशारा देतो आणि खरा भार कॉन्टॅक्टर उचलतो. तुमच्या डीबीत कॉन्टॅक्टर नसेल तर नुसता टायमर बदलून घेऊ नका, वर्षा-दीड वर्षात पुन्हा तेच बिल येईल. कॉन्टॅक्टर असेल तर कदाचित टायमर ठणठणीत असून कॉन्टॅक्टरच चिकटला असेल. ठरल्या वेळी टायमरमधून 'टक' आवाज येतोय, पण टब ढिम्म, तरीही संशयित तोच.

ठरल्या वेळी टब सुरू होतो आणि लगेच आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडतो? 'रोज सहाला ट्रिप होतो, म्हणजे टायमरच खराब' हा तर्क चुकीचा आहे. टायमर त्याचं काम चोख करतोय. सहाला हीटर सुरू होतो आणि हीटरच्या एलिमेंटमधून वीज गळते. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर खार चढतो, आवरण तडकतं, पाणी आत जातं. वायरमनला हीटरची तार सोडवून फक्त पंपावर टायमर चालवून पाहायला सांगा. ट्रिप थांबला तर एलिमेंट बदला. आरसीसीबीच काढून टाकतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. पाण्यात बसलेल्या माणसाला वाचवणारी तीच एक वस्तू आहे आणि ती ३० मिलिअँपिअरचीच हवी.

हवेच्या बटणाचा बिघाड सगळ्यांत स्वस्त. बटण दाबल्यावर नळीतून हवेचा धक्का जातो आणि खालचा स्विच पडतो. नळी निसटली, पिचकली किंवा उंदराने कुरतडली की बटण मुकं. मेन स्विच बंद करून बटणाकडचं टोक सोडवा आणि नळीत हलकी फुंकर मारा. खाली 'टक' झालं तर स्विच चांगला आहे, बटण बदला. नाही झालं तर नळी पाहा.

स्प्रिंगच्या चकतीबद्दल एकच. पाच मिनिटं हवी असली तरी आधी पंधराच्या पुढे फिरवा आणि मग मागे आणा. थोडीच फिरवली तर स्प्रिंग पुरती भरत नाही आणि ती मध्येच अडकते.

पावसाळ्यानंतर प्रत्येक प्रकारात एक गोष्ट समान: पेटीत ओल, मुंग्या आणि पाल. मुळशीतल्या पावसात बाहेरच्या भिंतीवरची साधी पेटी टिकत नाही. झाकणाला रबरी पट्टी असलेली, आयपी-६५ दर्जाची पेटी घ्या, तारा खालून आत न्या आणि भोकं ग्लँडने बंद करा. टबात बसून हात पोचेल अशा जागी टायमर असेल तर तो हलवाच.

पाणी तापत नाही, हा टायमरचा दोष नसेलही

लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०, म्हणजे लागणारी युनिट. १००० लिटरचा टब डिसेंबरात २० अंशांवरून ३८ वर न्यायचा तर जवळपास २१ युनिट लागतात. ३ किलोवॉटचा हीटर त्याला सात तास घेतो, उघड्यावर त्याहून जास्त. टायमर दोन तासांचा लावून 'गरम होत नाही' अशी तक्रार केली की व्हिजिट चार्ज भरून हेच गणित ऐकावं लागतं.

किती खर्च येईल?

हे आकडे साधारण आहेत, ब्रँडनुसार वर-खाली होतील. गोल सेल ३० ते ६० रुपये. हवेचं बटण नळीसकट ३०० ते ८००. बॅटरीसाठा असलेला चकतीचा किंवा डिजिटल टाइम स्विच १,२०० ते २,५००. डीबीत बसणारा कॉन्टॅक्टर ९०० ते २,०००. आरसीसीबी १,५०० ते २,५००. बाहेरची जलरोधक पेटी ४०० ते १,०००. स्थानिक वायरमनची मजुरी ३०० ते ८००, कॉन्टॅक्टर नव्याने बसवायचा तर हजाराच्या पुढे. थोडक्यात, टायमर, कॉन्टॅक्टर आणि मजुरी धरून चार-पाच हजारांत नीट काम व्हायला हवं, आणि तेही एका दुपारी.

सुटे भाग हिंजवडी, पिरंगुटच्या इलेक्ट्रिक दुकानांत मिळतात. तिथे हवा तो नसेल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. सूस-पाषाणमार्गे गेलात तरी अर्धा दिवस मोडतो, म्हणून टायमरचा फोटो दुकानदाराला आधी पाठवा. जुना टायमर सोबत नेलात तर चुकीचा आकार घरी येत नाही.

बोर्डवाल्या टबात मात्र घाई करू नका. बोर्डावरचा एखादा रिले चिकटला असेल तर तो सुटा बदलता येतो. बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर तेच काम साधारण ५०० ते १,५०० रुपयांत करतो. वॉरंटी संपली असेल तरच या वाटेने जा, वॉरंटीत असताना बोर्ड उघडला तर ती गेली. 'अख्खा बोर्डच बदलावा लागेल' असं सांगणाऱ्याला बोर्डावर कुठे वीज येते आणि कुठे येत नाही, ते मल्टिमीटरवर दाखवायला सांगा. नुसता बाहेरून बघून बोर्ड मृत घोषित करणाऱ्याचं ऐकू नका. आयात बोर्डाला काही आठवडे लागतात, तोवर टबचं पाणी काढून ठेवा.

बिलात लपलेलं

फोनवरच चार गोष्टी विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. व्हिजिट चार्ज किती, आणि काम करून घेतलं तर तो मजुरीत वळता होतो का? चांदे 'शहराबाहेर' धरता का, आणि धरत असाल तर किलोमीटरचे वेगळे किती? भाग आणायला दुसऱ्यांदा यावं लागलं तर पुन्हा व्हिजिट लावणार का? दिलेल्या आकड्यात जीएसटी धरला आहे का? दुरुस्तीवर तो १८ टक्के लागतो, पण ज्याची नोंदणी नाही त्याला तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही. बिलावर पंधरा अक्षरी क्रमांक नसेल तर ती रक्कम देऊ नका.

टायमर बदलायला टब रिकामा करावा लागत नाही. तसं कोणी सांगितलं तर पुढे टँकर, रसायनं आणि 'डीप क्लीनिंग'चं पॅकेज येतंय असं समजा. वार्षिक देखभाल करारातही टायमर, रिले, बोर्ड हे भाग बऱ्याचदा वगळलेले असतात. सही करण्याआधी वगळलेल्यांची यादी वाचा.

शॉर्टकट, जे करू नयेत

पहिला आणि सर्वांत लोकप्रिय: 'टायमर काढून डायरेक्ट करून देतो.' दोन दिवसांसाठी केलेलं डायरेक्ट दोन वर्षं राहतं. हिशेब बघा. पंप दीड किलोवॉट वीज घेतो असं धरलं आणि तो दिवसाला चार तास चालायचा तर ६ युनिट. चोवीस तास चालला तर ३६. रोज ३० युनिट जादा, महिन्याला ९००. वरच्या स्लॅबमध्ये युनिट पंधरा रुपयांचं धरलं तर १३,५०० रुपये, तेही टबात कोणी न उतरता. शिवाय झाकलेल्या टबात सतत चालणाऱ्या पंपाची उष्णता पाण्यात जाते आणि उन्हाळ्यात पाणी लावलेल्या तापमानाच्या वर चढतं. ४० अंशांच्या वर गेलेल्या पाण्यात उतरू नका. गरोदर बाई, लहान मूल, हृदयविकाराचा रुग्ण यांना तर तो धोकाच.

उलट टायमर बंद म्हणून पंपही बंद ठेवला तर दोन-तीन दिवसांत कोमट पाणी बिघडतं आणि अंगावर पुरळ उठवतं. तोवर दिवसातून दोनदा हाताने पंप चालवा, मोबाइलवर गजर लावून.

दुसरा शॉर्टकट म्हणजे सोळा अँपिअरचा वायफाय प्लग. पंप आणि हीटर मिळून त्याच्या क्षमतेबाहेर जातात. वायफाय हवंच असेल तर तो फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला जोडा.

तिसरा शेतघरवाल्यांसाठी. शेतीपंपाच्या जोडणीवरून टब चालवणं म्हणजे विजेचा अनधिकृत वापर. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली त्या वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते आणि कालावधी ठरवता आला नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. बंगला शनिवार-रविवार भाड्याने देत असाल तर घरगुती दराबद्दलही महावितरणकडे आधी विचारून घ्या.

नवा टायमर लावताना एक फायदा पदरात पाडा. स्मार्ट टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारं) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. सुरुवातीचा दर युनिटमागे ८० पैसे. टब दुपारी तापवला तर २१ युनिटमागे सोळा-सतरा रुपये. श्रीमंत कोणी होणार नाही, पण पिना सरकवायला पैसे पडत नाहीत. संध्याकाळपर्यंत झाकण मात्र घट्ट हवं.

दोष घरातला नसून लाइनचाच वाटला, म्हणजे काही दिवे भगभगीत आणि काही मंद दिसले, तर मेन बंद करा आणि महावितरणला १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर तक्रार द्या. ही न्यूट्रल तुटल्याची खूण, आणि तो तुटल्यावर टायमरच नाही, घरातलं सगळंच जातं. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बहुतेक बसत नाही.

वॉरंटीत आहे आणि तरी टाळाटाळ

कागद जमवा: खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, बसवल्याची तारीख, टबचा अनुक्रमांक, टायमर चुकत असल्याचा व्हिडिओ (शेजारी मोबाइलचं घड्याळ दिसेल असा), आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार. आयात टब असेल तर वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता असणं बंधनकारक आहे. तुमचा प्रतिवादी तोच, सातासमुद्रापलीकडची कंपनी शोधत बसू नका. बिल मागूनही दिलं नाही तर तीही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

आधी ईमेलने पंधरा दिवसांची मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन फुकट. तिथेही हललं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता मुंबईचा असो की दिल्लीचा. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून.

आणि काढलेला जुना टायमर किंवा बोर्ड तंत्रज्ञाला नेऊ देऊ नका. वॉरंटीत बदलून दिला असेल तर कंपनी तो परत मागते, तेव्हा अनुक्रमांकाचा फोटो काढून पोच घ्या. पैसे देऊन बदलला असेल तर तो तुमचाच.